तुमच्या सॉफ्टवेअरचा वेग आम्ही कसा मोजतो

सातपूर-अंबडचे कारखाने आणि लासलगाव-पिंपळगावचे व्यापारी यांची बिलिंग व स्टॉकची सॉफ्टवेअर वेगवान करून देण्याचं काम आम्ही करतो. काम झालं की अहवालात ‘आधी इतके मिलिसेकंद, आता इतके’ असं लिहून देतो. त्या आकड्यांवर विश्वास ठेवून तुम्ही पैसे देता, तेव्हा ते येतात कुठून हे तुम्हाला ठाऊक हवंच.

विंडोजमधला साधा टिक-काउंटर (मशीन सुरू झाल्यापासूनचा वेळ मोजणारा) साधारण १० ते १६ मिलिसेकंदांच्या उड्या मारतो. दोन मिलिसेकंदांचं काम त्यावर कधी शून्य दिसतं, कधी सोळा. तारीख-वेळेचं घड्याळही नको, कारण इंटरनेटवरून वेळ जुळली की ते मधेच सरकतं. म्हणून आम्ही हाय-रिझोल्यूशन टायमर वापरतो. विंडोज १० आणि ११ च्या बहुतेक मशीनवर त्याचा एक ठोका १०० नॅनोसेकंदांचा, म्हणजे मिलिसेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा असतो.

पण ठोका बारीक असला म्हणजे आकडा खरा, असं नाही. जुन्या काही ड्युअल-कोअर, म्हणजे काम करणारे दोन भाग (कोअर) असलेल्या प्रोसेसरांवर दोन्ही कोअरचे काउंटर जुळत नसत. प्रोग्राम एका कोअरवरून दुसऱ्यावर गेला की लागलेला वेळ चक्क उणे यायचा. आजच्या प्रोसेसरांत हा दोष राहिलेला नाही. आता गडबड होते ती टायमरभोवतीच्या गोष्टींमुळे. एप्रिलच्या दुपारी बंद केबिनमधलं मशीन तापलं की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. अँटिव्हायरस मधेच डोकं वर काढतो. पहिल्यांदा डिस्कवरून वाचलेली फाइल दुसऱ्यांदा मेमरीतून येते. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तर शेजारच्या ग्राहकाच्या कामाचा भारही तुमच्या वेळेत मिसळतो. या सगळ्यात टायमर बरोबरच असतो, तरीही एकदाच घेतलेलं माप फसवं निघतं.

ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरची गोष्ट वेगळी. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरांतली त्रुटी (बारीक वेळ मोजून गुप्त माहिती चोरता येण्याची) उघड झाल्यावर ब्राउझर कंपन्यांनी सुरक्षेसाठी तिथला टायमर मुद्दाम जाडाभरडा केला. तिथे आम्ही एकच काम हजारो वेळा चालवून एकूण वेळेला तितक्या वेळांनी भागतो.

मोजणी नेहमी तुमच्याच मशीनवर, तुमच्याच डेटावर आणि तुमच्या गर्दीच्या वेळी करतो. अहवालात अनेक मापांतला मधला, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे तीन आकडे देतो. कमी-जास्तीतलं अंतर मोठं असेल, तर नुसत्या मधल्या आकड्यावर समाधान मानू नका. आम्हाला कारण विचारा. आम्ही येण्याआधी पॉवर सेव्हर बंद ठेवा आणि जुनी आवृत्ती काढून टाकू नका. दोन्ही आवृत्त्या एकाच दिवशी, आलटून पालटून चालवाव्या लागतात.