मुंबईतील कॅथलिक चर्चांची वास्तुपरंपरा

मुंबई आणि साष्टी बेटांवर सोळाव्या शतकापासून उभ्या राहिलेल्या कॅथलिक धर्मग्रामांच्या (एका चर्चशी जोडलेल्या स्थानिक ख्रिस्ती समाजांच्या, म्हणजे पॅरिशच्या) चर्चवास्तू. जागा, धर्मग्राम आणि संताचे नाव कायम ठेवून इमारत नव्याने बांधायची, ही इथली जुनी रीत. त्यामुळे पाटीवरचे स्थापनावर्ष भिंतींनाही लागू असेलच असे नाही.

पोर्तुगीज अमलात फ्रान्सिस्कन आणि जेझुइट हे कॅथलिक धर्मगुरूंचे दोन संघ इथे होते. फ्रान्सिस्कनांनी माहीम, दादर, बोरिवली या बाजूला, तर जेझुइटांनी वांद्रे, अंधेरीकडे चर्च बांधली. जाड दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, उंच दर्शनी भिंत आणि वेदीपर्यंत जाणारे लांबट सभागृह असे त्यांचे साधारण रूप होते. बोरिवलीच्या मंडपेश्वरला तर फ्रान्सिस्कनांनी शैव लेण्यातच प्रार्थनास्थळ केले आणि वर मठ बांधला. लेणे पुन्हा शिवाचे झाले. मठाच्या भिंती अजून डोक्यावर उभ्या आहेत. १७३७–३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांकडे गेली. वसईच्या चर्चांतल्या घंटा मग नाशिकचे नारोशंकर मंदिर, मेणवली, भीमाशंकर अशा ठिकाणी पोचल्या.

वांद्र्याचे सेंट अँड्र्यू चर्च जेझुइटांनी १५७५ मध्ये तिथल्या कोळ्यांसाठी स्थापले. जवळच्या टेकडीवरची मोतमाउली, म्हणजे माउंट मेरी, मात्र आजच्या रूपात १९०४ ची आहे. निमगॉथिक, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय गॉथिक धर्तीच्या शैलीतल्या या चर्चचे वास्तुकार शापूरजी चंदाभॉय होते. सप्टेंबरातल्या वांद्रे जत्रेला मेणबत्त्या घेऊन येणाऱ्यांत बिगरख्रिस्तीही मोठ्या संख्येने असतात. माझगावच्या ग्लोरिया चर्चची स्थापना १६३२ ची. जुनी वास्तू पाडून १९११–१३ दरम्यान ते भायखळ्यात इंग्लिश गॉथिक धाटणीत उभे राहिले.

पुनर्बांधणी टळलेले ठळक उदाहरण अंधेरीच्या सीप्झ या औद्योगिक क्षेत्रात आहे. तिथले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १५७९ चे. १८४० च्या सुमारास साथीमुळे वस्ती हलली आणि धर्मग्राम मरोळला गेला. पुढे आजूबाजूची जमीन उद्योगांसाठी घेतली गेली आणि अवशेष कुंपणाच्या आत आले. छप्पर नाही, पण दर्शनी भिंत आणि कमानी ओळखता येतात. पोर्तुगीजकालीन बांधणी अभ्यासायची तर डागडुजी झालेल्या चर्चांपेक्षा हे अवशेष अधिक उपयोगी आहेत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, इथे मिस्सा (कॅथलिक प्रार्थनाविधी) होते.

विसाव्या शतकातल्या पुनर्बांधणीत दादरचे ‘पोर्तुगीज चर्च’ सर्वांत धीट म्हणावे लागेल. अवर लेडी ऑफ साल्व्हेशन हे त्याचे अधिकृत नाव, स्थापना १५९६ ची, आणि सत्तरच्या दशकातली आजची इमारत वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची. धर्मविधीच्या प्रत्येक टप्प्याला त्यांनी वेगळी जागा दिली, मध्ये मोकळी अंगणे ठेवली आणि काँक्रीटच्या कवचांतून उजेड व वारा वरून खेळवला. मनोरे आणि कमानी शोधणाऱ्याला हे चर्च वाटतच नाही. माहीमच्या सेंट मायकेलची सध्याची इमारतही त्याच दशकातली, १९७३ ची. बुधवारच्या नोव्हेनाची (ठरावीक भक्तिप्रार्थनेची) गर्दी सामावेल असे प्रशस्त सभागृह ही तिची खरी ओळख.