हिरेव्यापार, गोव्यातील

हिरेव्यापार, गोव्यातील : पोर्तुगीज अमलाखालील गोव्याच्या राजधानीत (आजचे जुने गोवे) साधारणपणे सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भरभराटीस आलेला, आणि पुढे उतरत्या कळेने अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलेला हिऱ्यांचा क्रयविक्रय. गोव्याच्या भूमीत हिऱ्याची खाण नाही. माल घाटावरून येई : आधी विजयनगरच्या, पुढे विजापूर व गोवळकोंडा यांच्या मुलखातून. घाट उतरून एवढ्या लांब येण्यात खाणवाल्यांचे हित काय, याचे उत्तर फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये देतो. तो 1641 व 1648 साली गोव्यात होता. आपल्या मुलखात चांगला खडा राजाच्या वा सरदाराच्या नजरेस पडला, तर तो म्हणेल त्या किमतीस द्यावा लागे. गोव्यात मात्र मनाजोगत्या गिऱ्हाइकास विकण्याची मोकळीक होती. म्हणून एके काळी आशियातील रत्नांचा सर्वांत मोठा बाजार येथे भरे, असे तो लिहितो. तो लिहितो तेव्हा ते दिवस सरले होते, हेही त्याच्याच वाक्यरचनेवरून कळते.

बाजार शहराच्या मुख्य रस्त्यावर, ‘रुआ दिरैता’वर, सकाळी भरे. डच प्रवासी लिन्शोटेन 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिला. त्याने तेथील रोजच्या पुकाऱ्याच्या विक्रीचे वर्णन केले आहे. मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द कोशकार याच विक्रीच्या पोर्तुगीज नावाकडे नेतात. खाणीवरचा सौदा मात्र पुकाऱ्याचा नव्हता. तेथे विकणारा व घेणारा समोरासमोर बसत आणि कापडाखाली हात धरून मुकाट्याने भाव ठरवीत : अख्खा पंजा म्हणजे हजार, पाच बोटे म्हणजे पाचशे, एक बोट शंभर, मधल्या पेरापर्यंतचे बोट पन्नास, नुसते टोक दहा. आपल्याकडील बाजारांत ज्याला ‘हत्ता’ म्हणतात, तोच हा प्रकार. दहा ते सोळा वर्षांची व्यापाऱ्यांची मुले झाडाखाली तागडी व थैली घेऊन बसत आणि आलेल्या खड्याचे मोल करीत, असेही टॅव्हर्निये सांगतो.

वजन : हिरे तोलण्याचे माप पोर्तुगीज कागदपत्रांत ‘मांजेलिम’ असे येते. मूळ शब्द तेलुगू-तमिळ ‘मंजाडी’, म्हणजे मराठीत ज्याला रतनगुंज किंवा थोरली गुंज म्हणतात त्या झाडाचे तांबडे बी, याबद्दल फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो ते किती भरते याबद्दल. चार ग्रेनांचा एक कॅरट धरून टॅव्हर्निये तीन निरनिराळी माने देतो : रावळकोंडा खाणीवर सात ग्रेन (पावणेदोन कॅरट), गोवळकोंडा प्रदेशात साडेपाच ग्रेन (1.375 कॅरट) आणि गोव्यात पाच ग्रेन (सव्वा कॅरट). हा घोळ नसून स्थानिक चाल असावी. रतीचे, म्हणजे साध्या गुंजेचे, मान तो साडेतीन ग्रेन देतो, म्हणजे खाणीवरची मंजाडी नेमकी दोन रतींची होते, आणि दोन गुंजांची एक मंजाडी हे दक्षिणेतील सोनारांचे जुने कोष्टकच आहे. गोव्याचे माप तेवढे हलके.

फरक किरकोळ वाटतो, पण त्यावर बरेच अवलंबून आहे. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने आपण पाहिलेला सर्वांत मोठा हिरा 140 मांजेलिमांचा असल्याचे नमूद केले आहे. गोव्याच्या मापाने तो 175 कॅरट, गोवळकोंड्याच्या मापाने 192.5 आणि खाणीच्या मापाने 245 कॅरट भरतो. अशा नोंदींवरून नंतरच्या प्रसिद्ध हिऱ्यांची ओळख पटविण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते सावधपणेच घ्यावेत. ऑर्ता तीसेक वर्षे गोव्यात राहिला, तेव्हा त्याच्या आकड्यास गोव्याचे माप लावणे अधिक सयुक्तिक दिसते.

रावळकोंडा कोठे, हाही असाच एक प्रश्न. जुन्या नकाशांच्या आधारे काहींनी ते भीमा-कृष्णा संगमाकडे दाखविले. टॅव्हर्नियेच्या प्रवासवृत्ताचे इंग्रजी संपादन करणारे भूवैज्ञानिक व्हॅलेंटाइन बॉल यांनी मात्र ते कर्नूलजवळचे रामल्लकोट ठरविले. हेच मत आता बहुधा ग्राह्य मानतात.

व्यापारी व वाद : ऑर्ता 1534 मध्ये गोव्यास आला. वैद्यकीबरोबर तो रत्नांचाही व्यवहार करी. औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यातील हिऱ्यावरचा संवाद अनुभवाचा आहे : हिरा हातोड्याने फुटतो, बोकडाच्या रक्ताने मऊ पडत नाही आणि तो विषही नव्हे, कारण खाणीवरचे मजूर खडे गिळतात व त्यांना काही होत नाही. (हिरकणी खाऊन जीव देण्याच्या आपल्याकडील कथांना यात चांगलेच उत्तर आहे.) तो 1568 मध्ये वारला. त्याचे कूळ ज्यू. बाटवून ख्रिस्ती झालेल्या अशा ‘नवख्रिस्त्यां’वर 1560 मध्ये गोव्यात आलेल्या इन्क्विझिशनची (पाखंडाची चौकशी करणाऱ्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाची) विशेष नजर असे. 1569 मध्ये त्याच्या बहिणीला जाळण्यात आले, आणि 1580 मध्ये खुद्द ऑर्ताची हाडे उकरून जाळली.

परदेशी व्यापाऱ्यांवरचा संशय वेगळा होता. ऑग्सबुर्गचा फेर्दिनांद क्रोन फुगर व वेल्झर या जर्मन पेढ्यांचा मिऱ्यांचा आडत्या म्हणून 1587 च्या सुमारास आला, हिऱ्यांत गब्बर झाला, ख्रिस्ताच्या लष्करी पंथाचा मानही त्याला मिळाला. तरी अखेरीस अटक होऊन त्याची लिस्बनला रवानगी झाली. ब्रुगेचा जाक द कूत्र (जन्म 1570 च्या दशकात, नेमक्या सालाबद्दल एकमत नाही) 1592 मध्ये गोव्यात उतरला, मलाक्का-सयामपर्यंत फिरला, पुढे गोव्यातच लग्न करून स्थिरावला व विजापूर, रामल्लकोट, आग्रा अशा वाऱ्या करून हिरे आणी. डचांशी संधान बांधल्याच्या संशयावरून 1623 मध्ये त्याला व त्याच्या भावाला पकडून युरोपात पाठविले. तेथे निर्दोष ठरल्यावर तोच माणूस स्पेनच्या दरबारास डचांविरुद्ध सल्ले देऊ लागला. 1640 मध्ये तो सारागोसा येथे वारला. त्याच्या आठवणी मुलाने संकलित केल्या. साहजिकच त्यांत बापाची बाजू उजळ आहे.

या श्रीमंतांच्या दानधर्माविषयी थोडक्यात एवढेच की, ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या मृत्युपत्रांतील देणग्या बहुधा ‘मिझेरिकॉर्दिया’ या धर्मादाय संस्थेकडे जात. ती इस्पितळ व अनाथांचे काम पाहीच, शिवाय मृतांची मालमत्ता पोर्तुगालातील वारसांकडे पोचवी. हिंदू महाजनांचे दान पोर्तुगीज मुलखाबाहेर अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात) हलविलेल्या देवस्थानांकडे वळले.

उत्तरकाल : मिऱ्यांच्या सरकारी व्यापारास ओहोटी लागली, म्हणून गोव्याचा सगळाच व्यापार बसला, ही जुनी समजूत इतिहासकार बोयाजियन यांच्या संशोधनाने बरीच मागे पडली आहे, खासगी व्यापार, त्यात हिऱ्यांचा, राजाच्या व्यापाराहून मोठा होता, असे त्यांचे प्रतिपादन. अठराव्या शतकात पोवळ्यांच्या बदल्यात हिरे अशी चाल पडली. इटलीतील लिव्होर्नो येथील एर्गास व सिल्व्हेरा ही ज्यू पेढी भूमध्य समुद्रातील पोवळी लिस्बनमार्गे गोव्यास धाडी आणि कामत (कागदांत ‘कामोतिं’) हे सारस्वत व्यापारी ती विकून हिरे पाठवीत. दोघांची कधी भेट नाही, धर्म वेगळा, फिर्याद करायला एक न्यायासनही नाही, पत्रे पोर्तुगीजमध्ये. फ्रांचेस्का त्रिव्हेल्लातो यांनी या पत्रव्यवहाराचा सविस्तर अभ्यास केला आहे. कामत हे आडनाव गोव्यात अनेक घराण्यांचे असल्याने, पणजीच्या म्हामाय कामत या व्यापारी घराण्याशी त्यांचे नाते केवळ नामसाधर्म्यावरून जोडू नये. एका मोठ्या हिऱ्याच्या व्यवहारात अडकून लिव्होर्नोची पेढी 1746 मध्ये मोडली. तोवर इंग्रजांच्या मद्रासने दक्षिणेचा माल ओढून घेतला होता, आणि 1720 च्या दशकात सापडलेले ब्राझीलचे हिरे लिस्बनला थेट पोचू लागले होते.