हाफ प्लेट म्हणजे अर्धी प्लेट नव्हे

हॉटेलात हाफ प्लेट भजी मागवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की हाफ कधीच फुलच्या बरोब्बर निम्मी नसते. जुन्या छायाचित्रणातली 'हाफ प्लेट' (फोटो उमटवायच्या पत्र्याचं किंवा काचेचं एक माप) हीही त्याच जातीची. परवा एका फोनच्या जाहिरातीत 'एक इंची सेन्सर' असं वाचलं आणि तिची आठवण झाली. त्या सेन्सरची एकही बाजू इंचभर नसते! लांबी १३.२ मिमी, रुंदी ८.८ मिमी, कर्णसुद्धा १६ मिमीच्या आत. हा इंच आला जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून. नळी गेली, इंच उरला, आणि ऐकायला मोठा वाटतो म्हणून जाहिरातवाल्यांनी तो जपून ठेवला.

प्लेटची गोष्ट १८३९ची, पॅरिसमधली. छायाचित्रणाचा एक आद्य संशोधक लुई दागेर, त्याचा कॅमेरा ज्या चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवायचा, तो साडेसहा बाय साडेआठ इंचांचा होता. हे साडे-साडे कुठून आले? त्या वेळचा फ्रेंच इंच २७.०७ मिमीचा, म्हणजे इंग्रजी इंचापेक्षा थोडा मोठा. सहा आणि आठ फ्रेंच इंच इंग्रजी फूटपट्टीवर मोजून पाहा, जवळपास साडेसहा आणि साडेआठच भरतात. हीच 'होल प्लेट', म्हणजे अख्खी. पुढची सगळी नावं हिचे तुकडे म्हणून पडली.

तुकडे करायची गरज का पडली, हा मला या सगळ्यातला सर्वांत आवडता भाग. पत्रा महाग होता हे खरंच, पण खरी अडचण वेळेची होती. सुरुवातीला लख्ख उन्हातही कित्येक मिनिटं थांबावं लागे. दागेरच्या कॅमेऱ्यातल्या भिंगाचं नाभीय अंतर (लांबच्या वस्तूचं चित्र भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्पष्ट उमटतं ते) सुमारे ३८ सेंमी होतं. भिंगासमोरचं छिद्र अडीच सेंमीचं धरू. समोरच्या चेहऱ्यावरून त्या छिद्रातून आत शिरणारा प्रकाश ठरलेला असतो. छिद्र तेवढंच ठेवून १९ सेंमी नाभीय अंतराचं भिंग लावलं, तर चेहऱ्याचं चित्र लांबीला निम्मं होतं आणि रुंदीलाही निम्मं. म्हणजे तोच प्रकाश आता चौथाई जागेवर पडतो. पातेलंभर रस्सा परातीत ओतला तर जेमतेम तळ झाकतो, वाटीत ओतला तर काठोकाठ भरतो, तसंच. चित्र चौपट उजळ, म्हणून वेळ चौथाई: बारा मिनिटांच्या जागी तीन. पत्राही लहान पुरतो, सव्वातीन बाय सव्वाचार इंचांचा. ही झाली क्वार्टर प्लेट, आणि ती खरोखरच अख्ख्या प्लेटचा नेमका चौथा हिस्सा आहे.

पण निसर्ग असं फुकट देत नाही. नाभीय अंतराच्या मानाने छिद्र मोठं झालं की भिंगाच्या कडेने येणारे किरण मधल्या किरणांच्या बिंदूवर जुळत नाहीत आणि चित्र धुरकट होतं. १८४० मध्ये व्हिएन्नात योझेफ पेत्झवाल या गणितज्ञाने कागदावर गणित मांडून यावर तोड काढली. त्याने चार काचांचं असं भिंग रचलं की छिद्र नाभीय अंतराच्या सुमारे १/३.६ इतकं ठेवूनही चेहरा स्पष्ट उमटे. (दागेरच्या भिंगात हे गुणोत्तर १/१५च्या आसपास होतं. उजेड गुणोत्तराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सतरा पट.) आता हेच भिंग ३८ सेंमीचं करायचं तर साडेदहा सेंमी रुंदीच्या निर्दोष काचा घडवाव्या लागतात. १९ सेंमीला सव्वापाच सेंमीच्या पुरतात. त्यामुळे लहान प्लेटचंच राज्य आलं. अमेरिकेत तर घरोघरच्या व्यक्तिचित्रांसाठी होल प्लेटचा सहावा हिस्सा, पावणेतीन बाय सव्वातीन इंच, सर्वांत लोकप्रिय ठरला.

फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही समजूत आपल्याकडे बरीच टिकून होती. प्लेट आयुष्यातलं काही खात नाही. चेहऱ्यावरून परतून भिंतीवर वाया जाणारा प्रकाश ती घेते, इतकंच. जुन्या फोटोंत माणसं भुतासारखी ताठ दिसतात, कारण मान हलू नये म्हणून कित्येकांच्या डोक्यामागे लोखंडी चिमटा लावलेला असे.

१८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओल्या कलोडियनची (एका चिकट द्रावणाचा थर दिलेली) काच आली, १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सची जिलेटिनची कोरडी काच. पत्रा गेला, माप राहिलं. कारण त्या काळचा कागद इतका मंद होता की निगेटिव्ह त्यावर दाबून उन्हात ठेवावी लागे. काच जेवढी, फोटो तेवढाच. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या वर्तुळात होते, आणि त्यांच्या पिढीला काचेचं माप निवडणं म्हणजे फोटोचं माप निवडणंच होतं.

आता ती हाफ प्लेट. अख्खीचे दोन समान भाग केले तर सव्वाचार बाय साडेसहा इंच यायला हवेत. पण इंग्रजी हाफ प्लेट आहे पावणेपाच बाय साडेसहा, म्हणजे अख्खीच्या ५६ टक्के. दागेरच्या पद्धतीची हाफ प्लेट सव्वाचार बाय साडेपाच, म्हणजे ४२ टक्के. दोन्ही 'अर्ध्या', आणि खरी अर्धी एकही नाही. गंमत म्हणजे सव्वाचार बाय साडेसहा हे बरोब्बर निम्मं माप मिळालं कॅबिनेट कार्डाच्या, म्हणजे फोटो चिकटवून देण्याच्या, पुठ्ठ्याला, ज्याच्या नावात अर्ध्याचा उल्लेखही नाही.

माळ्यावर जुनी काच सापडली तर पट्टी लावून पाहा. १२ बाय १६.५ सेंमी भरली तर हाफ, सव्वाआठ बाय १०.८ सेंमी भरली तर क्वार्टर. चित्राचा थर मंद दिसणाऱ्या बाजूला असतो. त्यावर ओलं फडकं फिरवू नका. जिलेटिन पाण्याने फुगतं आणि पणजोबा फडक्याबरोबर निघून येतात.