डोकेदुखीवरची अंगावर लावायची करंटची मशीनं

कपाळाला, दंडाला किंवा डोक्याभोवती लावायची, त्वचेवरून हलका विजेचा करंट सोडून डोकेदुखीला आणि त्यातही मुख्यतः मायग्रेनला आवर घालणारी ही छोटी बॅटरीवरची मशीनं. डॉक्टर लोक याला न्यूरोमॉड्युलेशन म्हणतात, म्हणजे नर्व्हच्या कामात बाहेरून बदल घडवणं. पुण्यात मात्र फिजिओकडे कंबर-गुडघ्याला "करंट घेणं" हा प्रकार घरोघरी माहितीये, त्यामुळे इथेही तोच शब्द चालतो, काकू हल्ली कपाळाला करंट घेतात वगैरे. शॉक बसत नाही. पाय आखडून बसल्यावर मुंग्या येतात ना, साधारण तसं वाटतं, फक्त कपाळात.

मायग्रेन म्हणजे आपली अर्धशिशी. नावाप्रमाणे बऱ्याचदा अर्धंच डोकं ठणकतं, पण दोन्ही बाजूंनी दुखलं म्हणून ती अर्धशिशी नाही असं काही नसतं. औषध न घेता सोडलं तर अटॅक 4 ते 72 तास चालतो, सोबत मळमळ, आणि उजेड-आवाज नकोसा होतो. यावर आपल्याकडे सुंठ उगाळून लेप, डोक्याला फडकं करकचून बांधणं आणि अर्थातच बाम. खंडाळ्याच्या घाटातल्या 1830 सालच्या पुलाला बामच्या जाहिरातीवरून अमृतांजन पूल हे नाव पडलं आणि 2020 च्या एप्रिलमध्ये तो पाडेपर्यंत तेच टिकलं, यावरून काय ते समजा.

वीज लावून डोकेदुखी उतरवायची कल्पना नवीन नाहीये. पहिल्या शतकात रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस जुनाट डोकेदुखीवर जिवंत टॉर्पेडो मासा, म्हणजे करंट मारणारा मासा, दुखऱ्या जागी ठेवायला सांगायचा. नीट शास्त्रीय कारण मात्र खूप उशिरा आलं. 1965 मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी गेट कंट्रोल थिअरी मांडली. ठेच लागली की आपण अंगठा चोळतो आणि बरं वाटतं, का, तर स्पर्शाचा निरोप नेणाऱ्या जाड नर्व्ह जाग्या झाल्या की मणक्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाचं दार थोडं लोटलं जातं. फिजिओकडचं टेन्स, म्हणजे त्वचेवर पॅड लावून करंट देणारं मशीन, याच हिशोबावर आलं. डोकेदुखीची मशीनं त्याच घराण्यातली, पण प्रत्येकाची जागा आणि डाव वेगळा.

कपाळावरचं मशीन म्हणजे बेल्जियमचं सेफाली. चेहऱ्याची आणि कपाळाची संवेदना पाचव्या क्रेनियल (थेट मेंदूतून निघणाऱ्या) नर्व्हकडे, म्हणजे ट्रायजेमिनलकडे असते आणि मायग्रेनच्या दुखण्यात हीच मुख्य आरोपी. तिच्या वरच्या फांदीची टोकं भुवयांच्या वर त्वचेखाली येतात, तिथे हे करंट देतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने (खवा-पनीर पकडणारी आपली ती वेगळी), मार्च 2014 मध्ये याला मायग्रेन टाळण्यासाठी परवानगी दिली, अशा कामासाठी मंजूर झालेलं हे पहिलंच उपकरण. टाळण्यासाठी रोज 20 मिनिटं, अटॅक आल्यावर 60 मिनिटं, असे दोन वेगळे प्रोग्रॅम. 2020 पासून अमेरिकेत ते चिठ्ठीशिवाय मिळतं, त्यामुळे तिकडच्या मुलाने-सुनेने येताना बॅगेत टाकून आणलेली पुण्यातही दिसतात.

आता हे लावायचं कसं ते जरा सविस्तर, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच. चिकट जेलचा पॅड दोन भुवयांच्या मधोमध, थोडा वर, म्हणजे बरोब्बर टिकलीच्या जागी बसतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एक काकू पहिले चार दिवस "हे चिकटतच नाही" म्हणून वैतागलेल्या, नंतर कळलं की रात्री डोक्याला खोबरेल चोपडून मग मशीन लावत होत्या, वर टिकलीचा गोंद तसाच. कपाळ साबणाने धुवून कोरडं केलं आणि पॅड बसला. मग दुसरी गंमत, करंट सुरुवातीची काही मिनिटं आपोआप वाढत जातो, साधारण 14 मिनिटांत 16 मिलिअँपिअरपर्यंत. त्यांनी सहाव्या मिनिटाला मशीनच उपटून काढलं. खरं तर सहन होईल तिथे बटण दाबलं की करंट त्याच पातळीला थांबतो, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं पण पुस्तिका कोण वाचतंय. आता काकू विसर्जनाच्या दिवशी टिळक रोडचे ढोल सुरू व्हायच्या आधीच मागच्या खोलीत पडदे ओढून मशीन लावून बसतात. ढोल थांबत नाहीत ते नाहीतच. बऱ्याच जणांना याने पेंग येते, काहींना जेलमुळे कपाळ लाल होतं.

दंडावरचं नेरिव्हियो, इस्रायलच्या थेरॅनिका कंपनीचं. डोकं दुखतंय आणि मशीन दंडाला, हे ऐकून लोक हसतात, पण यामागचा डाव चांगलाय. शरीरात एका ठिकाणी वेदनेच्या बारीक नर्व्हना चिथावलं की मेंदूच्या देठातून खाली एक दाबणारा निरोप सुटतो आणि दुसरीकडची वेदनाही मंदावते, वेदनेने वेदना मारायची ही शरीराची आपलीच सोय. म्हणून करंट जाणवेल इतका जोरात पण दुखणार नाही इतका हळू ठेवायचा, मोबाईलमधल्या अ‍ॅपवरून. "जेवढं जास्त तेवढं चांगलं" हा आपला व्यायामशाळेचा नियम इथे चालत नाही. वेळ 45 मिनिटं, आणि अटॅक सुरू झाल्यापासून तासाभरात लावायचं. कुर्त्याच्या बाहीखाली लपतं, त्यामुळे हिंजवडीत मीटिंगमध्ये बसूनही चालू ठेवता येतं, कपाळावरच्या मशीनची तशी सोय नाही (आणि त्यावर हेल्मेट तर विसराच). याला एफडीएची परवानगी 2019 ची, आणि 2023 मध्ये डॉ. रेड्डीज कंपनीने ते भारतात आणलं.

बाकीची पटकन. गॅमाकोअर गळ्याच्या बाजूला वेगस नर्व्हवर (मेंदूतून गळ्यामार्गे छाती-पोटात जाणारी नर्व्ह) दोन-दोन मिनिटं धरतात, म्हणजे तसं ते अंगावर घालायचं नव्हे, हातात धरायचंच. त्याला 2017 मध्ये क्लस्टर डोकेदुखीच्या (एका डोळ्याभोवती उठणाऱ्या भयंकर कळांच्या) अटॅकसाठी परवानगी मिळाली, मायग्रेनसाठी 2018 मध्ये. रिलिव्हियन हे हेडबँडसारखं, कपाळ आणि मागचं डोकं दोन्हीकडच्या नर्व्हना करंट देतं, त्याची परवानगी 2021 ची. डोक्यामागे धरून चुंबकाचा झटका देणारंही एक मशीन आहे, पण त्यात करंट त्वचेवर लावत नाहीत त्यामुळे ते निराळं प्रकरण.

उपयोग किती होतो? सेफालीच्या मुख्य चाचणीत 67 जण होते, तीन महिने रोज वापरल्यावर मायग्रेनचे दिवस निम्मे किंवा त्याहून कमी झालेले लोक 38.1 टक्के, आणि नुसतं नावाला लावलेल्या खोट्या मशीनवर 12.1 टक्के. महिन्याला सरासरी सातेक दिवसांचे पाचच्या आत आले, म्हणजे गेले नाहीत, कमी झाले. वापरून बघितलेल्या 2,313 जणांच्या एका पाहणीत निम्म्याहून थोडे जास्त, 53.4 टक्के, समाधानी होते आणि बाकीच्यांनी मशीन परत केलं. नेरिव्हियोच्या 252 जणांच्या चाचणीत दोन तासांनी आराम पडलेले 66.7 टक्के, खोट्या मशीनवर 38.8. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो, दहातल्या जवळपास चौघांना नुसत्या गुरगुरणाऱ्या डबीनेही बरं वाटलं. करंट जाणवतोच, त्यामुळे खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे पेशंटपासून लपवणं अवघड असतं आणि या सगळ्या अभ्यासांची ती कायमची दुखरी बाजू. तरी दोन आकड्यांमधलं अंतर खरंय, ते नाकारता येत नाही.

मग गोळ्या सोडून हे कशाला, तर गोळ्यांची मर्यादा असते म्हणून. साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनची खास गोळी) 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रिप आणून खाणाऱ्यांपैकी कितीतरी जण या चक्रात असतात आणि त्यांना ते माहितही नसतं. ज्याचा गोळ्यांचा कोटा संपत आलाय, ज्याला पोटाचा त्रास आहे किंवा ज्याला गोळी चालतच नाही, त्याच्यासाठी मशीनला खरा अर्थ आहे. महिन्यातून एकदा डोकं दुखणाऱ्याने एवढा खर्च करू नये असं माझं मत. अमेरिकेत नेरिव्हियोचं एक युनिट 18 वापरांचं असायचं, चार्ज होत नसे, संपलं की नवीन घ्यावं लागे, त्यामुळे हिशोब मशीनमागे न करता वापरामागे करावा. सेफाली चार्ज होतं पण पॅड बदलत राहावे लागतात.

कोणी लावू नये: पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण असलेल्यांनी, डोक्यात धातूचं किंवा इलेक्ट्रॉनिक इम्प्लांट असलेल्यांनी, आणि त्या जागी जखम किंवा पुरळ असेल तर तेवढे दिवस कोणीच. फिट्सचा त्रास असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय नाही. घरातलं कंबरेचं टेन्स मशीन "करंट तो करंट" म्हणून कपाळाला किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूला लावायचा उद्योगही करू नये, गळ्याशी रक्तदाब आणि ठोके सांभाळणारी यंत्रणा असते. आणि डोकं एकदम वीज पडल्यासारखं दुखलं, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, तापासोबत मान आखडली किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर मशीन शोधत बसायचं नाही, रिक्षा करून सरळ हॉस्पिटल गाठायचं.