ब्लॅकहीथ : माळ सुटला, लाथ सुटली, नाव राहिलं

2016 साली ब्लॅकहीथ या रग्बी क्लबच्या पहिल्या संघाने चार्ल्टनचं रेक्टरी फील्ड सोडलं आणि एल्टममधल्या वेल हॉलवर घरचे सामने सुरू केले. दोन्ही मैदानं आग्नेय लंडनच्या ग्रिनिच भागातलीच. 1883 पासूनचं, म्हणजे 133 वर्षांचं घर सुटलं हे खरं. पण रेक्टरी फील्डही मुळात ब्लॅकहीथमध्ये नव्हतं. ज्या माळावरून क्लबला नाव मिळालं, तो तर केव्हाच सुटला होता.

तो सुटला गर्दीमुळे. माळ सार्वजनिक, त्याला ना कुंपण ना दार. 1877 मध्ये रिचमंड या लंडनच्याच दुसऱ्या क्लबविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांचा उपद्रव झाला आणि क्लब जवळच्या रिचर्डसन्स फील्ड या खासगी मैदानावर गेला. तिथेच 19 फेब्रुवारी 1881 रोजी वेल्स आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि इंग्लंडकडून 13 ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) खाऊन परतला. मग रेक्टरी फील्ड. ट्विकनहॅम हे इंग्लंडच्या रग्बीचं स्टेडियम उभं राहण्याआधी इंग्लंडचे सामने इथेही होत. जानेवारी 1909 मध्ये पाहुण्या ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला इथेच हरवलं. केंट या काउंटी संघाचं क्रिकेटही या मैदानावर 1971 पर्यंत चाललं.

स्थापनेचं साल 1858. ब्लॅकहीथ परिसरातल्या एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी क्लब काढला. जगातला सर्वांत जुना 'खुला' रग्बी क्लब अशी त्याची ओळख सांगतात. या वाक्याचा सगळा भार 'खुला' या एका शब्दावर आहे. लंडनच्या एका रुग्णालयाचा संघ 1843 सांगतो, डब्लिनच्या विद्यापीठाचा 1854. पण ते त्या त्या संस्थेचे. आता ब्लॅकहीथही बाहेरच्यांना खुला झाला तो 1862 मध्ये. म्हणजे विशेषण 1862 चं आणि साल 1858 चं. दोन्ही एकत्र लावण्याची सोय क्लबने करून घेतली आहे, एवढंच.

खरा वाद 1863 चा आहे आणि तो बहुतेक ठिकाणी अर्धाच सांगितला जातो. त्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या एका टॅव्हर्नमध्ये (दारूच्या गुत्त्यात) फुटबॉल क्लबांचे प्रतिनिधी जमले. प्रत्येकाचे नियम वेगळे, ते एक करायचे होते. ब्लॅकहीथचा प्रतिनिधी 'फुटबॉल असोसिएशन' या नव्या संघटनेचा खजिनदारही झाला. पहिल्या मसुद्यात दोन कलमं होती : एक, झेल घेऊन चेंडू हातात धरून पळता येईल, दुसरं, अशा पळणाऱ्याला धरता, पाडता आणि त्याच्या नडगीवर लाथ मारता येईल. या लाथेला 'हॅकिंग' म्हणत. डिसेंबरच्या बैठकांत ही दोन्ही कलमं वगळायचं ठरलं. निर्णय पुढे ढकलावा, शाळांच्या मंडळींना बोलावून त्यांचं मत घ्यावं, हा खजिनदाराचा आग्रह 13 विरुद्ध 4 मतांनी पडला. लाथ काढून टाकलीत तर आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोक आणून तुम्हाला हरवून दाखवतो, असंही तो म्हणाला. 8 डिसेंबरला क्लब संघटनेतून बाहेर पडला.

त्या फ्रेंचांच्या टोमण्यामुळे गोष्ट रंगते, पण गाडी भलत्या रुळावर जाते. लाथेसाठी रुसून बसलेला क्लब, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. हातात चेंडू घेऊन पळणं हेही त्याच वेळी वगळलं गेलं होतं, आणि पुढे रग्बीत टिकलं ते पळणंच. लाथ नाही टिकली. डिसेंबर 1870 मध्ये ब्लॅकहीथ आणि रिचमंडच्या चिटणिसांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून रग्बीवाल्यांना एकत्र बोलावलं, 26 जानेवारी 1871 रोजी 21 क्लबांनी 'रग्बी फुटबॉल युनियन' ही स्वतःची संघटना काढली, आणि तिच्या पहिल्याच नियमावलीत हॅकिंगवर सरसकट बंदी आली. ज्या गोष्टीसाठी क्लब भांडून निघाला, तीवर साडेसात वर्षांत त्याच्याच पुढाकारातून बंदी! बैठकीतला हट्ट सोडला तर नडग्या वाचवण्याची इच्छा दोन्हीकडे सारखीच असावी, असं म्हणायला जागा आहे.

दोन महिन्यांनी, 27 मार्च 1871 रोजी, एडिंबरात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडचा कर्णधार ब्लॅकहीथचा होता. स्कॉटलंड जिंकलं.

नंतरचा उतार लांबलचक आहे. 1987 मध्ये लीग, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांची क्लब स्पर्धा, आली तशी कोण कुठल्या पायरीवर, हे दर मोसमात उघड दिसू लागलं. नुसती जुनी प्रतिष्ठा पुरेनाशी झाली. 1995 मध्ये खेळ व्यावसायिक झाला, पैसा मोठ्या क्लबांकडे गेला. ब्लॅकहीथ अलीकडे मुख्यतः तिसऱ्या पातळीवर खेळतो. रिचमंडशी 1860 च्या दशकात सुरू झालेली गाठ तिथेही पडली, फक्त गुणतक्त्यासाठी. क्लबच्या जुन्या नावात 'रग्बी' नाही, नुसतं 'फुटबॉल क्लब' आहे. नाव ठेवलं तेव्हा दोन खेळ वेगळे व्हायचे होते.