सातारा-सांगलीतील घराण्याचा शोध व मुक्त ऑनलाइन साधने

घराण्याची वंशावळ, मूळ गाव आणि स्थलांतरे कागदांवरून जुळवण्याचे हे काम. स्वयंसेवकांनी चालवलेली किंवा त्यांच्या श्रमांवर उभी असलेली विनामूल्य संकेतस्थळे त्यात उपयोगी पडतात.

शोध गावापासून सुरू करावा, आडनाव नंतर. ते गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होते, हे आधी ठरवावे लागते. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, तर औंध, फलटण, जत, सांगली, मिरज ही संस्थाने १९४८ पर्यंत टिकली. औंध संस्थानातली आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. दक्षिण सातारा १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाऊ लागला. म्हणूनच तासगाव किंवा वाळवा तालुक्यातल्या पणजोबांचा कागद ‘जिल्हा सातारा’ म्हणून नोंदलेला असतो आणि सांगली टाइप करणाऱ्याच्या हाती लागत नाही.

इंटरनेट आर्काइव्ह या मुक्त ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरचे १८८५ चे सातारा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, याच कामाचे. त्यात आपले आजोबा भेटणार नाहीत, पण गाव, पेठ, बाजार, वतने समजतात. वाड्या-वस्त्यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी केलेला ऑनलाइन नकाशा चांगला. कोयनेच्या जलाशयात गेलेल्या जावळी-पाटणकडच्या गावांसाठी मात्र धरणापूर्वीचे नकाशेच पाहावेत.

फॅमिलीसर्च हे एका ख्रिस्ती पंथाचे वंशावळ-शोधाचे संकेतस्थळ आहे. तिथल्या नोंदींच्या सूच्या करण्यात स्वयंसेवकांचा मोठा हात असून हरिद्वारच्या तीर्थपुरोहितांच्या, यात्रेकरू घराण्यांची नावे टिपलेल्या वह्यांची छायाचित्रेही तिथे आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर इथल्या उपाध्यांकडे मात्र स्वतः जाऊन विचारणेच उत्तम. ‘फिबिस’ ही १९९८ ची स्वयंसेवी संस्था ब्रिटिश हिंदुस्थानातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदी खुल्या करते. साताऱ्याची छावणी किंवा महाबळेश्वरशी संबंधित युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबांना त्या मोलाच्या आहेत. शेतकरी घराण्याला तिथे क्वचितच काही मिळेल.

खरी अडचण मोडी या मराठीच्या जुन्या लिपीची. कोतवाल बुक, गाव नमुना १४ मधल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी बहुधा मोडीत आहेत आणि २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधात जाणत्या वाचकांची निकड सर्वांनाच जाणवली. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नाहीत. एकच नाव दोन वाचक दोन तऱ्हांनी लावतात. म्हणून हौशी मोडीवाचकाने करून दिलेले लिप्यंतर मूळ पानाच्या छायाचित्रासह जपावे, आणि वंशावळीत नाव चढवण्यापूर्वी ते दुसऱ्या जाणकाराकडून वाचून घ्यावे.