कुकर आणि प्रेशर कॅनर: दिसायला सारखे, कामाला वेगळे

अमेरिकेतल्या दुकानात प्रेशर कॅनर, म्हणजे बरणीत भरलेलं अन्न टिकवण्यासाठी दाबाखाली तापवायचं भांडं, पाहिला की आपल्याला तो मोठा कुकरच वाटतो. जाड ॲल्युमिनियम, घट्ट झाकण, आत रबर, वर वजन. मग घरातल्या पाच लिटरच्या कुकरमध्येच मटारच्या बरण्या ठेवल्या तर? माझं उत्तर स्पष्ट आहे: ठेवू नका.

कुकरचं काम अन्न मऊ करणं. डाळ कच्ची राहिली तर आणखी एक शिटी काढायची, बात संपली. कॅनरला अन्न शिजवायचं नसतं, बरणीतले जंतू मारायचे असतात. त्यातला सर्वांत धोकादायक क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो, म्हणून भाजीबरोबर घरात येतो. त्याचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपं, उकळत्या पाण्यातही तग धरतात. हवाबंद, ओलसर, आंबटपणा नसलेली बरणी कपाटात ठेवली की त्यांना हवं ते सगळं मिळतं आणि ते विष तयार करतात. या विषाने दोन-दोन दिसू लागतं, पापण्या पडतात, शेवटी श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. बरणीतल्या अन्नाला वास येईलच असं नाही, चव घेऊन पाहणं तर जिवावर बेतू शकतं. बीजाणू मारायला 116 ते 121 अंश सेल्सिअस तापमान ठराविक वेळ टिकावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, आपला कुकरही 120 अंशांच्या आसपास जातो. जातो. पण ती वाफ बरणीबाहेर असते. बरणीच्या मधोमध असलेल्या दाण्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रत्येक पदार्थासाठी कॅनरमध्ये चाचण्या करून ठरवलेला आहे. मोठा कॅनर सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि ती उष्णताही त्या हिशेबात धरलेली असते. छोटा कुकर चटकन तापतो, चटकन थंड होतो. घड्याळात मिनिटं तेवढीच भरतात, बरणीला उष्णता मात्र कमी मिळते. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा निकष असा की साधारण एक लिटरच्या, म्हणजे क्वार्टच्या, निदान चार बरण्या उभ्या मावल्या पाहिजेत.

हवेचंही तसंच. वाफेत हवा मिसळलेली असली तर दाब तोच दिसतो, पण तापमान कमी असतं. म्हणून कॅनरवर वजन ठेवण्याआधी 10 मिनिटं वाफेचा झोत मोकळा सोडतात. दाब चढला की मगच वेळ मोजायला सुरुवात. शिट्यांवर हा हिशेब बसत नाही, कारण गॅस मोठा केला की शिट्या भराभर होतात.

दाब किती हवा हे गावाच्या उंचीवर ठरतं. समुद्रसपाटीला वजनाच्या कॅनरला चौरस इंचाला 10 पौंड दाब पुरतो, 1000 फुटांच्या वर 15 लागतो. पुणे साधारण 1800 फुटांवर आहे, म्हणजे तिथे 15. डायलच्या, म्हणजे काट्याने दाब दाखवणाऱ्या, कॅनरचे आकडे वेगळे: 2000 फुटांपर्यंत 11, मग 4000 पर्यंत 12.

सुरुवात ताज्या मटारने करावी. अर्ध्या लिटरच्या बरणीला 40 मिनिटं. बिनहाडाच्या चिकनच्या तेवढ्याच बरणीला 75. आपली घट्ट आमटी किंवा भोपळ्याचा गर मात्र भरू नका. दाट पदार्थात उष्णता नीट आत शिरत नाही, भोपळ्याच्याही फक्त फोडीच चालतात.

फळांच्या आंबट जॅमला यातलं काहीच लागत नाही. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. तो 4.6 किंवा त्याहून कमी असेल तिथे बोट्युलिनम वाढत नाही, उकळत्या पाण्यात बरण्या बुडवणं पुरतं. टोमॅटो सीमेवर आहे, म्हणून अर्ध्या लिटरला एक टेबलस्पून बाटलीतला लिंबाचा रस घालतात.

उलटं मात्र चालतं: कॅनरमध्ये पंगतीची डाळ खुशाल शिजवा.

घाई झाली की आपण कुकर नळाखाली धरतो. कॅनरला ही सवय अजिबात नको. दाब एकदम उतरला की बरणीतलं पाणी झाकणाखालून बाहेर येतं, आणि निवतानाची उष्णताही हुकते. गॅस बंद करून दाब आपोआप शून्यावर येऊ द्या, वजन काढून आणखी 10 मिनिटं थांबा, मग झाकण तोंडापासून दूर उघडा. बरण्या 12 ते 24 तास हलवू नका. नंतर झाकणाच्या मधोमध बोट दाबून पाहा. झाकण खाली जाऊन परत वर आलं, तर बरणी बंद झालेली नाही. ती फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.